लायबोटीतली माझी जागा

आमच्या हसनमियाला नवीन माणूस भेटला की तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. वजन विचारतो.

समोरच्या नव्या सोसायटीत बँकेतले एक साहेब राहायला आले. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तर हसननं त्यांना गाठलं. "तुमचा वजन किती?" साहेब बिचकले. त्यांना वाटलं म्हातारा विम्याचा एजंट असावा. पोट आत ओढून त्यांनी काहीतरी आकडा सांगितला. हसननं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आकड्यात आपल्या मनानं थोडी भर घातली आणि म्हणाला, "मागच्या बाकावर, उजव्या अंगाला. बाजूला पोस्टमन हाय. चांगला मानूस हाय, पन त्याच्याशी बोलताना वाकू नका."

साहेब घरी जाऊन बायकोला म्हणाले, इथे एक वेडा आहे. बायको दुसऱ्या दिवशी खाली आली आणि म्हणाली, "काका, माझी जागा कुठली?"

तर ही जागा लायबोटीतली. शिकलेली माणसं लाइफबोट म्हणतात. आमच्या तोंडात लायबोट बसलंय आणि या वयात मी काही जीभ वळवणार नाही. पनवेलच्या बंदराजवळ, कोळीवाड्याच्या कडेला, माझ्या जागेत ती लाकडी टेकूंवर उभी होती. दोन्हीकडून टोकदार, त्यामुळे तिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे हसनशिवाय कोणाला कळत नसे. आत आडवे बाक. किती माणसं बसवायची तो आकडा कडेला रंगवलेला होता, तो उन्हानं उडाला. तेव्हापासून किती माणसं मावतात ते हसन ठरवायचा. मर्जी चांगली असली की सगळं पनवेल मावायचं.

गल्लीतल्या प्रत्येकाला त्यानं जागा दिली होती. सगळं डोक्यात. मासळीवाली सोनाबाय मधल्या बाकाच्या अगदी मध्यावर, एकटी. तिनं एकदा विचारलं, "माज्या बाजूला कोन नाय का रं हसनभाय?" तर म्हणाला, "तू बसलीस का बाजू ऱ्हाते कुठं?" सोनाबाय हसता हसता टोपलीच्या कडेवर टेकली. दुसरा कोणी असं बोलला असता तर तिनं विळी उचलली असती.

मी पुढच्या बाकावर, डावीकडे. म्हणजे माझी जागा असायची तेव्हा. ती थोडा वेळ असायची आणि बराच वेळ नसायची.

बोट मात्र साधी नाही. पूर्वी ती उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्याला असायची. मुंबईहून लाँच यायची-जायची, पावसाळ्याच्या तोंडाला समुद्र फिरायचा, कधी लाँच कलंडायची, कधी मचवा फुटायचा. मग घंटा व्हायची आणि ही लायबोट पाण्यात सुटायची. उरण-पनवेलच्या गावागावांत तिच्यातून घरी आलेली माणसं आहेत. माझी आई त्यातलीच. माहेराहून येताना लाँच कलंडली आणि आई या बोटीतून धक्क्याला लागली. तिच्या काखेत कोंबडी होती, ती पण वाचली. पुढे आयुष्यभर बोटीचं नाव काढलं की आई हात जोडायची आणि कोंबडीचं नाव काढलं की रडायची, कारण वडलांनी ती त्याच आठवड्यात कापली.

मग फायबरच्या बोटी आल्या. ही सरपणात निघाली. हसन तिथे नोकरीला होता. त्यानं ती मागून घेतली, भरतीच्या पाण्यावर खाडीतून ओढत पनवेलला आणली आणि माझ्या दारात आला. बंदराला आमच्या बापाचं मिठाचं कोठार होतं. कोठार पडलं, मिठागरांवर इमारती आल्या, तेवढा एक मोकळा तुकडा राहिला. हसन म्हणाला, "नामा, दोन दिवस ठेवतो." मी म्हटलं, ठेव. त्या दोन दिवसांत माझ्या पोराचं लग्न झालं, नातीचं झालं, डोक्यावरून विमानं जायला लागली. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. दोन दिवस म्हटलं की दोन दिवस, ते पुरे झाल्याशिवाय मी कोणाला उठवत नाही.

हसनच्या बोलण्यात एकच गोष्ट सारखी यायची. "समान ठेव." बोट समान राहिली पाहिजे, एका अंगाला लागली की संपलं. हे बोटीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. रिक्षात बसला की तो बाकीच्यांना सरकवायचा. माझ्या नातीच्या लग्नात स्टेजवर नवऱ्याकडची माणसं जास्त चढली. फोटोवाला हसा हसा म्हणतोय आणि हसन खालून सांगतोय, "नवरीकडचे चार जन चढा, स्टेज डाव्या अंगाला लागला." स्टेजला काही झालं नाही. पण त्या फोटोत सगळं वऱ्हाड आपापल्या पायाकडे बघतंय.

रोज सकाळी तो बोटीला पाणी पाजायचा. पाजायचा, हाच त्याचा शब्द. लाकडी बोट वाळली की फळ्यांच्या सांधी उघडतात, मग पाण्यात घातली की आत झरते. म्हणून ती ओली ठेवायची. हे मलाही माहीत आहे. पण टँकरच्या दिवशी सोसायटीच्या बायका बादल्या घेऊन उभ्या आणि हा बोटीवर पाणी ओततोय, म्हटल्यावर भांडण होणारच. एक बाई म्हणाली, "चाचा, इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही लाकडाला पाजताय?"

हसन म्हणाला, "बेटी, तुला तान लागली का तू बोलतेस. ती बोलत नाय."

त्या बाईनं आपल्यातली अर्धी बादली बोटीवर ओतली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "अंकल, मी असं का केलं?"

मी म्हटलं, "मी जागा का दिली ते मला कळलं की तुला पण सांगतो."

आता माझ्या जागेचं सांगतो. हसनला राग आला की तो शिव्या देत नसे. सीट कॅन्सल करायचा. पहिल्यांदा माझी गेली ती मी बोटीत गोधडी वाळत घातली म्हणून. मग एकदा तिला खोकं म्हणालो म्हणून. एकदा दिवाळीनंतर वजन लपवलं म्हणून. पुढे पुढे तर कारणही सांगेनासा झाला. मी समोरून गेलो की म्हणायचा, "नामा, तुजी सीट कॅन्सल," आणि पाणी ओतायला लागायचा.

शहाण्या माणसानं काय करावं? हसावं आणि पुढे जावं. बोट जमिनीवर, पाणी लांब, मी काही बुडत नव्हतो. पण चौथीत मास्तरांनी मला पुढच्या बाकावरून उठवून मागे बसवलं, तो माझा शाळेतला शेवटचा दिवस. जागेचा अपमान मला सोसत नाही. सीट गेली की मी हातातला चहा ठेवून तसाच भांडायला जायचो.

"ही जागा कोनाची?" मी विचारायचो.

"तुजी."

"बोट कुठं उभी हाय?"

"तुज्या जागेत."

"मग?"

"मग जमीन बुडेल तवर जमिनीवर तुजा कायदा चालव. बोटीत माजा."

माझ्याच जागेत उभ्या असलेल्या बोटीत मला जागा नाही, असा हा मामला. तो सुटायला दुपार व्हायची. मधे हसन आलं घालून काळा चहा करायचा. मी रागारागानं दोन कप प्यायचो. संध्याकाळपर्यंत सीट परत मिळायची. घरी आलो की सुनेला सांगायचो, "घेतली परत." ती म्हणायची, "काय घेतलं बाबा?" तिला काय सांगणार. सत्तरी उलटलेला माणूस न हलणाऱ्या बोटीतली जागा मिळवून आला, हे सांगायला पण थोडी लाज लागते.

हसनच्या घरी तो एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला पोरगा कुवेतला, धाकटा इथेच उरणजवळ द्रोणागिरीला, कंटेनरच्या गोदामात. द्रोणागिरी काही कुवेत नाही, पण दोघांचं येणं सारखंच.

असं सगळं चाललं होतं आणि माझा पोरगा प्रकाश मधे आला. प्रकाश जागा-जमिनीचा धंदा करतो. "बाबा, बंदराजवळचा प्लॉट असा कोणी पडून ठेवतं का? खाली गाळे काढू, वर फ्लॅट," हे त्याचं फार दिवसांचं. मी नाही म्हणायचो. का नाही, ते मलाही माहीत नव्हतं, पण एकदा नाही म्हटलं की मी कारण शोधत बसत नाही. या खेपेला प्रकाश हुशारीनं आला. खाडीकिनारा सुशोभीकरण समितीचे साहेब बरोबर घेऊन आला. तरुण माणूस, गॉगल डोक्यावर, बोलायला गोड.

साहेब म्हणाले, "आजोबा, ही बोट म्हणजे आपला सागरी वारसा आहे. आपण ती जतन करायची. बागेत सिमेंटचा चौथरा बांधू, त्यावर बोट बसवू, खालून लाइट सोडू, आत माती भरून झेंडू लावू. बाजूला पाटी. बोट जतन करणारे म्हणून तुमचं नाव."

त्यांनी झेंडू म्हटलं हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मी फक्त माझं नाव ऐकलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला शाल घातली. ऊन रणरणत होतं, तरी मी ती काढली नाही.

हसनलाही त्यांनी गाठलं. फोन समोर धरला आणि विचारलं, "चाचा, तुम्ही या बोटीतून किती जणांना वाचवलंत?"

"मी कोनाला नाय वाचवला," हसन म्हणाला. "मी वर धक्क्यावर असायचो. दोरी सोडून बोट खाली पान्यात उतरवायची, त्ये माजा काम."

"म्हणजे समुद्रात उडी वगैरे?"

"मला पवाया नाय येत."

साहेबांचा फोन हळूहळू खाली आला. मला राहवेना. मी म्हटलं, "लिहा हो, दोन-चार वाचवले असतील." हसननं माझ्याकडे बघितलं. आता माझी सीट गेली, हे मी ओळखलं. भांडायची तयारी पण केली. पण त्यानं नुसती बादली उचलली आणि घरात गेला.

दोन दिवसांनी प्रकाशनं पाटीचा नमुना आणला, फ्लेक्सवर छापलेला. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. बोट जतन करणारे: कै. नामदेव, पुढे बापाचं नाव, आडनाव. मी हरखलो. आपल्याकडे शाळेवर बघा, रस्त्यावर बघा, बागेवर बघा, मोठ्या माणसाच्या नावाआधी हे 'कै.' असतंच. 'श्री.' काय, लाइटच्या बिलावर पण येतं. गावासाठी ज्यानं काही दिलंय त्याला हे 'कै.' मिळतं, अशी माझी आजवरची समजूत. आता मला मिळालं.

सकाळभर मी तो फ्लेक्स गल्लीत फिरवला. वाण्याला दाखवला, पोस्टमनला दाखवला, बँकेतल्या साहेबांना थांबवून दाखवला. सगळे "छान, छान" म्हणाले. पोस्टमननं तर मला नमस्कार केला. शेवटी घरी येऊन सुनेला दाखवला. तिनं वाचलं आणि तोंडावर पदर धरला.

"बाबा, अहो, कै. म्हणजे कैलासवासी."

"म्हंजे?"

"म्हणजे गेलेले."

फ्लेक्सची गुंडाळी करून मी सरळ हसनकडे गेलो. तो बोटीशेजारी बसला होता. बादली पालथी. बोटीची लाकडं सुकून पांढरी पडायला लागली होती. मी म्हटलं, "हसन, त्यांनी मला मारला. छापून आनला."

हसननं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "मग तर तुजी सीट पक्कीच झाली. मेलेल्याची सीट कोन कॅन्सल करतो?"

"पानी नाय घातलंस?"

"आता झेंडूच्या रोपांना घालतील लोक."

मी म्हटलं, "मी त्या साहेबाला खोटं सांगितलं. तुज्या नावावर दोन-चार मानसं टाकली. मोठी चूक हाय. माजी सीट कॅन्सल कर."

"नाय."

"का नाय?"

"सगल्यांची पक्की केली. कालच. आता मातीत कोन कुठंबी बसा."

"बरं झालं मग. भांडन तरी मिटलं."

"बरं काय त्यात?" हसन म्हणाला. आवाज चढवला नाही. "ज्याची सीट कॅन्सल व्हते तो येतो भांडाया. पक्कीवाला कोन येतो, नामा? त्या पोस्टमनची केवडी वर्सं झाली पक्की हाय. त्याला तू कवा हितं बसलेला बघितलास?"

मी तसाच घरी आलो. आठवून बघितलं. गल्लीत सगळ्यांत जास्त वेळा कोणाची सीट गेली असेल तर माझी. मी समजत होतो हा माणूस माझा पाणउतारा करतोय. हा मला चहाला बोलवत होता. आणि मला इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण मी भांडण जिंकण्यात गुंतलेलो. खरं तर मी तरी दुसरीकडे कुठे जात होतो? माझी ही गेल्यापासून घरात सगळे मला मान देतात. "हो बाबा, बरोबर बाबा." एक माणूस उलटून बोलत नाही. दिवसभर असं बरोबर राहून माणूस आंबून जातो.

मी प्रकाशला सांगितलं, बोट देणार नाही. तो म्हणाला, "बाबा, आता शब्द गेलाय, उद्या क्रेन येतेय." मी म्हटलं, "शब्द मेलेल्या माणसानं दिला होता. मी जिवंत आहे."

सकाळी क्रेन आली. मी स्वैपाकघरातलं स्टूल नेलं, बोटीत चढलो आणि पुढच्या बाकावर, डावीकडे जाऊन बसलो. शाल घेतली होती अंगावर, तीच त्यांची.

प्रकाश खालून म्हणाला, "बाबा, उतरा. लोक बघतायत."

"बघू दे."

क्रेनवाला बिहारकडचा होता. "बाबूजी, उतर जाइए, चेन लगानी है."

मी त्याला माझ्या हिंदीत सांगितलं, "मेरा सीट पक्का है."

माझ्या मनात होतं की आता सगळी गल्ली येईल आणि आपापल्या जागेवर बसेल. गल्ली आली. पण सगळे खाली उभे राहून फोन वर धरून बघत होते. बँकेतल्या साहेबांनी तर मला जरा उजवीकडे बघायला सांगितलं, फोटोत ऊन येत होतं म्हणून. एकटी सोनाबाय पुढे आली. टोपली खाली ठेवली, स्टुलावर पाय दिला आणि चढली. मला भरून आलं. मी म्हटलं, "सोनाबाय, तू मध्यावर." पण मला धीर द्यायचा म्हणून ती थेट माझ्या शेजारी येऊन बसली.

बोट डाव्या अंगाला लागली. टेकू सरकला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी उलटा होतो. खाली इतक्या वर्षांच्या पाण्यानं मऊ झालेली जमीन होती, तिनं आम्हा दोघांना झेललं. माझा पाय मुरगळला, बोटीची एक फळी तडकली.

हसन धावत आला. आधी फळी बघितली, मग सोनाबायला, मग मला.

"एका अंगाला दोघं?" तो म्हणाला.

"हिला मी सांगत होतो," मी म्हटलं.

सोनाबाय चिखलातून उठत म्हणाली, "तुज्यासाठी चढले रं, मुडद्या. त्या पाटीवर लिवलंय तेच खरं करून टाकते तुजं."

क्रेनवाल्यानं चेन गुंडाळली. माणसं बसलेलं सामान मी उचलत नाही, म्हणाला, आणि निघून गेला.

कोणीतरी ते फोनवर टाकलं. त्यात माझं तोंड दिसत नाही. वर गेलेले दोन पाय, शाल आणि सोनाबायचा पदर. प्रकाशनं चार दिवस घराबाहेर तोंड दाखवलं नाही, आणि पाय माझे होते. पण ते बघून माणसं यायला लागली. मोऱ्याहून आली, बेलपाड्याहून आली. "हीच का ती? आमची आजी हिच्यातून आली होती." एक म्हातारी रिक्षातून उतरली, बोटीच्या अंगाला हात लावला, आणि पुढचा बाक कोणता असं विचारलं. तिच्या बापाला तिथे बसवून आणला होता म्हणे. हसननं तिला पुढचा बाक दाखवला. वजन विचारलं नाही.

शेवटी कोळीवाड्यातल्या मंडळींनी बैठक घेतली आणि बंदरावर जाळी वाळवायची एक जागा बोटीला दिली. प्रकाशला त्याचा प्लॉट मिळाला. समितीचा साहेब पण माणूस वाईट नव्हता. त्यानं झेंडू सोडून दिला आणि मोऱ्याला होते तसे दोन लोखंडी हात धक्क्यावर बसवून दिले, बोट टांगायला. सुतारानं फळी बदलली, सांधीत कापूस ठोकला, वरून माशाचं तेल चोपडलं. हसन पुन्हा पाणी पाजायला लागला. जागा मात्र सगळ्यांच्या पक्क्याच ठेवल्या होत्या.

उधाणाच्या भरतीला बोट पाण्यात सोडायची ठरली. कोळी पोरं वल्ही घेऊन आत. मग गल्ली एकेक करून चढली, धक्क्यावरून टांगलेल्या बोटीत, देवळात शिरल्यासारखी सांभाळून. सोनाबाय अगदी मध्यावर. पोस्टमन मागे उजवीकडे, बँकेतले साहेब न वाकता त्याच्या शेजारी.

समितीचे साहेब फोन धरून हसनच्या बाजूला उभे होते. "चाचा, दोन दोऱ्या कशाला?"

"एक पुढची, एक मागची. एका मानसाचा काम नाय. दोनी समान सुटल्या पायजेत. एक जास्ती सुटली का मानसं पान्यात."

"मग मोऱ्याला दुसऱ्या दोरीवर कोण असायचं?"

"माजा मेव्हना. सलीम."

"ते कुठे असतात आता?"

हसननं हाताचं बोट आभाळाकडे केलं. नेमकं तेव्हाच एक विमान चाललं होतं.

"दुबईला?"

"त्याच्याबी वर," हसन म्हणाला. "तो गेला त्याच्या मागून मी दोरी धरली नाय. दुसऱ्या कोनाबरोबर हात बसला नाय."

मी तोवर पुढे झालो होतो. नवा सदरा, नवी टोपी. मुरगळलेला पाय अजून दुखत होता, पण तो बोटीत टाकायचा हे मी महिनाभर मनात घोळवलं होतं. एक पाय आत टाकणार, तोच मागून हसनचा आवाज आला.

"नामा, तुजी सीट कॅन्सल."

सगळ्यांनी ऐकलं. प्रकाशनं ऐकलं, सुनेनं ऐकलं, त्या फोननं पण ऐकलं. माझं डोकं फिरलं. इतर दिवशी ठीक होतं, पण आज, उभ्या गावासमोर. मी वळलो आणि लंगडत त्याच्याकडे गेलो. "काय केलं मी? सांग. आज तरी कारन सांग."

त्यानं कारण सांगितलं नाही. पुढच्या खुंट्याला वेढा दिलेली दोरी सोडवली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. स्वतः मागच्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मला नाय येत हे," मी म्हटलं.

"माज्याकडं बघ. मी सोडीन तेवडीच सोड."

दोरी हातातून सरकायला लागली. माझे तळवे मिठागरातले, जाड, तरी भाजले. बोट खाली जात होती. खालून सोनाबाय काहीतरी म्हणाली, पोरं हसली, मी बघितलं नाही. जन्मात मी कोणाचं ऐकलेलं नाही. मास्तरांचं नाही, बापाचं नाही, पोराचं तर नाहीच. त्या दिवशी मी हसनच्या हातांकडे बघत होतो आणि तो सोडील तेवढीच दोरी सोडत होतो.